घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, पिसवांचं औषध कुठलं सुरक्षित?

सुरंगी_फोंडा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाळू नावाचा गावठी कुत्रा आहे, शेवंती नावाची मांजर आहे आणि तिची तीन आठवड्यांची दोन पिल्लं आहेत. पाऊस लागल्यापासून पिसवांनी उच्छाद मांडलाय. पडवीत जरा वेळ उभं राहिलं की घोट्यांना चावे. बाळूने शेपटीच्या बुडाशी चावून चावून तिथले केस घालवलेत.

दुकानातून मानेवर सोडायचे थेंब आणले. दुकानदाराने कुत्र्याचं वजन विचारलं, बाकी काही नाही. घरी येऊन खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली तर मांजराच्या चित्रावर फुली मारलेली. आता आमची शेवंती बाळूच्या पोटाला टेकून झोपते, उठली की त्याचे कान चाटते. औषध अजून फोडलेलं नाही.

चवथीला घर भरणार. नणंदेचं बाळ नुकतंच रांगायला लागलंय, ते पडवीतल्या लादीवरच असणार. तेव्हा पिसवा मरतील एवढंच मला पुरत नाही. कुत्र्याला लावलेलं मांजराला बाधेल का? पिल्लांचं काय करायचं? बाळाने बाळूला मिठी मारली तर? अनुभव असतील ते कृपया सांगा.

कुळागरकर
पाकीट फोडू नकोस. तेवढं आधी लिहून ठेवतो, बाकीचं जाणकार सांगतील.

मीनल_पर्वरी
सुरंगी, कंपनीचं नाव बाजूला ठेव. खाली घटकांची नावं असतात ती इथे लिही. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर असलेल्या घरात ते औषध नकोच.

आमच्या शेजारी एका बाईंनी कुत्र्याला लावून उरलेले थेंब मांजरीच्या मानेवर सोडले. उरलंय तर वाया कशाला घालवायचं, एवढाच विचार. संध्याकाळी मांजरीचे कान फडफडायला लागले. मग तोंडाची कातडी थरथरायला लागली, मग पाय. रात्री तिला उभंच राहता येईना. दवाखान्यात नेऊन सलाईन, झटके थांबवायची इंजेक्शनं, सगळं झालं आणि ती वाचली. ते हाल मी जवळून पाहिलेत, म्हणून एवढ्या पोटतिडकीने लिहितेय.

सुरंगी_फोंडा
घटक वाचले. इमिडाक्लोप्रिड आणि परमेथ्रिन. म्हणजे तेच निघालं. खोकं उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

पशुवैद्य_बार्देश
फळीवर नको, दुकानात परत द्या. सील शाबूत आहे, घ्यायला हवं त्यांनी.

थोडं सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यात हा प्रश्न रोज येतो. परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, कारण त्याचं यकृत ते फोडून शरीराबाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्या कामाची यंत्रणा फारच तोकडी असते. त्यामुळे ते अंगात साचत जातं आणि नसांवर हल्ला करतं. माणसाच्या खरजेच्या मलमात परमेथ्रिन ५ टक्के असतं. कुत्र्याच्या थेंबांत ते ५० टक्क्यांच्या घरात असू शकतं. दोन-चार किलोच्या मांजराला त्यातला एखादा थेंबही भारी पडतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. होय, कुत्र्याला लावलेलं मांजराला बाधू शकतं. ओल्या अंगाला घासली, चाटलं, त्याच गोणपाटावर झोपली, तर एवढं पुरे आहे. औषध सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा असं काही खोक्यांवर लिहिलेलं असतं. पण जी मांजर रोज कुत्र्याचे कान चाटते तिच्या घरात मी हे औषध लिहूनच देत नाही. कुत्र्यासाठी दुसरे पर्याय आहेत.

चुकून मांजराला लागलंच तर वाट बघत बसू नका. कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रव साबण घेऊन लगेच धुवा. गरम पाणी नको, त्याने कातडीतून जास्त शोषलं जातं. टॉवेलात गुंडाळून ऊब द्या, उलटी करवू नका, आणि खोकं बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. लक्षणं कधी तासाभरात दिसतात, कधी दोन-तीन दिवसांनी.

तात्या_डिचोली
एवढं घाबरायचं काय कारण? आमच्या लहानपणी गोठ्यात गॅमेक्सिन पावडर मारायचे, कुत्र्याला तंबाखूच्या पाण्याने आंघोळ घालायचे. पिसवा जायच्या, कुत्री जगायची, मांजरं तर माळ्यावर खंडीभर असायची. आता दोन थेंबांना शंभर नियम.

मीनल_पर्वरी
तात्या, आदराने विचारते. त्या खंडीभर मांजरांतलं एखादं दोन दिवस दिसलं नाही तर कोणी शोधायला जायचं का? रानात मेलं असेल, बिबट्याने नेलं असेल, असंच म्हणायचे. औषधाने गेलं हे कळणार कसं?

रेणू_मास्तरीण
आणि गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी नावाचं जुनं कीटकनाशक, त्यातला मारक भाग लिंडेन. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, आणि २००९ मध्ये लिंडेन टिकाऊ विषांवरच्या स्टॉकहोम आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेलं. ते मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षं राहतं. तंबाखूच्या पाण्यात निकोटिन, तेही विषच. कुत्र्याने अंग चाटलं की पोटात गेलं. कोणाच्या माळ्यावर जुनी पावडर पडून असेल तर ती अजिबात वापरू नका.

तात्या_डिचोली
मीनल बाय, मुद्दा पटला. शोधायला कोणी जात नव्हतं हे खरं आहे. पावडर आमच्या घरात आता नाही. पण तुम्ही शहरातली मंडळी प्रत्येक गोष्टीला दवाखाना सांगता. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून कुत्र्याला घेऊन कोण कुठे जाणार? बसमध्ये घेत नाहीत. तिथल्या माणसाला परवडेल असं काहीतरी सांगा.

अन्वय_मडगाव
मग नैसर्गिक उपाय आहेतच की. आम्ही कडुनिंबाचं तेल, टी ट्री तेलाचे थेंब आणि थोडा कापूर खोबरेल तेलात मिसळून चोळतो. रसायन नाही, भीती नाही.

रेणू_मास्तरीण
अन्वय, घरात मांजर आहे का? नसेल तरी टी ट्री थांबवा. ते तेल अंगावर चोळल्यामुळे कुत्री-मांजरं लटपटतात, थरथरतात, अगदी लुळी पडतात. कापूर कातडीतून शोषला जातो आणि झटके आणू शकतो. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी कुत्र्याला अंगावरून ओतलंत तर फारसं बिघडत नाही, पण त्याने घरातल्या पिसवा संपतील ही आशा नको. तेल मांजरावर नकोच, ती सगळं चाटून पोटात घेते.

झाडापासून आलेलं ते सौम्य, असं धरून चालू नका. परमेथ्रिन ज्या घराण्यातलं आहे त्याचं मूळ विष शेवंतीच्या जातीतल्या फुलांतून निघतं. माणसाने त्याची नक्कल करून जास्त टिकाऊ रसायन बनवलं.

कुळागरकर
म्हणजे शेवंतीला शेवंतीचंच विष! सुरंगी, नाव तरी बदल त्या मांजरीचं.

सुरंगी_फोंडा
नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलंय, ते बदलणार नाही. पिसवाच बदलतील घर. 🙂

केपेकर
गोठ्यात गुरांना मारायचं औषध आम्ही कुत्र्यालाही लावतो. डेल्टामेथ्रिनचं, पाण्यात घालून. गोचीड पटापट पडतात. बरीच वर्षं करतोय, कुत्रे ठीक आहेत. खर्च नगण्य. तात्या म्हणतात तसं गावात हेच चालतं.

पशुवैद्य_बार्देश
केपेकर, तुमच्यासारख्यांशी मला भांडायचं नाही. गोचिडांवर काहीच न करण्यापेक्षा ते बरं, कारण गोचीड-तापाने गेलेली कुत्री मी दर पावसाळ्यात बघतो. पण तीन गोष्टी सांभाळा. एक, डेल्टामेथ्रिन हा परमेथ्रिनचाच भाऊ, तेव्हा गोठ्यात मांजर असेल तर तोच धोका. दोन, माप. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतायचं नाही. सुईशिवायची सिरिंज घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढंच मोजून घाला. तीन, पिल्लांना, गाभण किंवा अशक्त कुत्रीला नको.

दुसरी एक बाटली गावोगावी दिसते, अमिट्राझची. तीही पाण्यात घालून लावतात. ती गोचिडांवर चांगली चालते, पण पिसवांवर जवळजवळ नाहीच. म्हणजे सुरंगीताईंच्या घरात तिचा उपयोग शून्य, आणि मांजराला त्रास मात्र नक्की. अमिट्राझने कुत्रा सुस्त पडतो, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. मधुमेह असलेल्या माणसाने ते हाताळूच नये. घरात साखरेचा आजार असलेले आजोबा कुत्र्याला आंघोळ घालत असतील तर ते काम दुसऱ्याने हातमोजे घालून करावं.

केपेकर
साखरेचं माहीत नव्हतं. वडिलांना मधुमेह आहे आणि गुरांचं तेच बघतात. आजच सांगतो. देव बरें करूं, डॉक्टर.

नितळ
आणि एक, हे औषध लावून कुत्र्याला ओहोळात किंवा विहिरीच्या काठावर धुवू नका. मासे आणि झिंगे अशा औषधांनी फार लवकर मरतात. इंग्लंडमधल्या नद्यांच्या पाण्यात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड सापडलं, आणि त्यांचा एक मोठा स्रोत पाळीव प्राण्यांचे हे थेंब असावेत असं तिथल्या संशोधकांचं म्हणणं आहे. शेतात त्यांचा वापर तिथे जवळपास बंद असूनही! आपल्याकडे तर ओहोळाचं पाणी शेतातून खाजणात आणि तिथून नदीत. उरलेलं औषध मोरीत ओतू नका, रिकामी बाटली ओहोळात टाकू नका.

केपेकर
हे बरोबर. आमच्याकडे पावसात ओहोळात मुलं खेकडे धरतात.

सावंतवाडीकर
विषयाला थोडं सोडून विचारतो. आमच्याकडे बांदा-दोडामार्ग भागात माकडतापाची भीती आहे, तुमच्या सत्तरीतही. तो गोचिडांमुळेच ना? मग कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसली की आई घाबरते. कुत्रा घरात घेऊ नको म्हणते.

वाळपईची_लेक
मी सत्तरीतलीच. आमच्याकडे २०१५ पासून ही भीती बसली आहे, पाळी गावापासून. हा आजार मुळात १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. तो पसरवणारी गोचीड रानातली, माकडांच्या अंगावरची. घरातल्या कुत्र्याच्या कानात जी तपकिरी गोचीड फुगून बसते ती वेगळी जात. म्हणून घरातल्या कुत्र्याला घाबरायचं कारण नाही. पण आपला कुत्रा काजूच्या दिवसांत माणसाबरोबर डोंगरावर जात असेल, तर रानातली गोचीड त्याच्या अंगावर बसून घरापर्यंत येऊ शकते. आम्ही बोंडं गोळा करून आलो की आधी कपडे गरम पाण्यात, मग आंघोळ, आणि कुत्र्याचं अंग बाहेरच अंगणात तपासतो. आरोग्य खातं अंगाला लावायला तेल देतं ते माणसांचं आहे, कुत्र्याला फासू नका. आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

सावंतवाडीकर
आईला वाचून दाखवलं. कुत्रा परत पडवीत आला.

मोरजीची_भटकी_फौज
मी किनाऱ्यावरच्या भटक्या कुत्र्यांना खायला घालते. पावसात शॅक बंद झाले की त्यांचे फार हाल होतात. आमच्यातले काही जण आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शन आणून टोचतात, काही जण पिसवा-गोचिडांसाठीची मोठ्या कुत्र्याची चघळायची गोळी घेऊन तिचे तुकडे चार जणांना वाटतात. पैसे वाचतात. हे चालतं का? कोणी सांगत नाही, सगळे आपापल्या अंदाजाने करतात आणि मला रात्री झोप लागत नाही.

पशुवैद्य_बार्देश
तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

आयव्हरमेक्टिन पिसवांवर चालत नाही. खरजेवर चालतं, पण ते दवाखान्याचं काम. गुरांच्या इंजेक्शनात एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं. दहा-बारा किलोच्या कुत्र्याला सिरिंजवरची एखादी रेघ चुकली तरी मात्रा कुठल्या कुठे जाते. शिवाय कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींच्या कुत्र्यांत एक जनुकदोष असतो. त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं, कुत्रा लटपटतो, आंधळा होतो, बेशुद्ध पडतो. किनाऱ्यावर कोणी सोडून दिलेल्या विलायती कुत्र्याची पैदास मिसळलेली असते, कोणात काय आहे ते वरून दिसत नाही.

गोळीचे तुकडेही नको. चघळायच्या गोळीत औषध सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच याची खात्री नसते. एका तुकड्यात जास्त, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही. वजनाच्या गटाप्रमाणे पूर्ण गोळी, एवढाच नियम. पैसे कमी असतील तर सगळ्यांना अर्धवट देण्यापेक्षा ज्यांच्या हिरड्या पांढऱ्या पडल्यात, जे मलूल आहेत, त्यांना आधी द्या. आणि अशा कुत्र्यांना नुसती गोळी पुरत नाही, रक्त तपासावं लागतं.

मोरजीची_भटकी_फौज
हिरड्या बघायचं मी लगेच सगळ्यांना सांगते. ही गोष्ट कोणीही करू शकतं.

लॅबची_आई_ताळगाव
त्या चघळायच्या गोळ्यांबद्दलच विचारायचं होतं. आमच्या लॅब्रॅडॉरला लहानपणापासून फिट येतात. दुकानातला मुलगा म्हणाला एकदम सुरक्षित, बिनधास्त द्या. इंटरनेटवर वाचलं तर लोक म्हणतात या गोळ्यांनीच फिट येते. कोणाचं खरं?

पशुवैद्य_बार्देश
दोघांचंही अर्धं अर्धं. अफॉक्सोलेनर, फ्लुरालेनर, सॅरोलेनर, लोटिलेनर अशी नावं या गोळ्यांवर दिसतील, सगळी एकाच कुळातली. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, या कुळाबद्दल सूचना काढली की काही जनावरांत थरथर, तोल जाणं, फिट असं दिसलं आहे. औषधं बंद केली नाहीत, बहुतेक जनावरांना ती सुरक्षितच धरली जातात. मीही देतो, आणि मांजर असलेल्या घरात कुत्र्यासाठी मला तीच सोयीची वाटतात, कारण अंगावर काही उरत नाही की चाटून मांजराच्या पोटात जाईल. पण ज्याला आधीपासून फिट येतात त्याला मी ती देत नाही. तुमच्या लॅबसाठी दुसरा मार्ग काढू. दुकानातल्या मुलाला फिटचं सांगितलं होतंत का?

लॅबची_आई_ताळगाव
त्याने विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. त्याने विचारायला हवं होतं ना?

मीनल_पर्वरी
हवंच होतं. माझा सगळा राग तिथेच आहे. सुरंगीलाही दुकानात वजन विचारलं, घरात मांजर आहे का ते विचारलं नाही. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? औषधं वाईट नाहीत. चुकीच्या जनावराला, चुकीच्या मापाने, आणि एकावर एक दिली जातात, तिथे घात होतो. सकाळी पावडर, दुपारी थेंब, गळ्यात पट्टा, आणि रात्री कोणीतरी सांगितलं म्हणून स्प्रे. प्रत्येक गोष्ट एकेकटी सुरक्षित असेल, पण एका अंगावर चारही?

ससेवाला_म्हापसा
यात ससेही धरा. फिप्रोनिल सशांना घातक आहे, कुत्र्या-मांजराला चालतं म्हणून सशाला नाही. आमच्या ओळखीच्यांचा ससा असाच गेला. स्प्रे मारलेल्या कुत्र्याजवळही सशाला सोडू नका.

माई_सांखळी
सगळं वाचलं. सगळे जनावराच्या अंगाकडे बघताय, घराकडे कोणी बघत नाही. अंगावर उड्या मारताना दिसतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या पिसवांतला अगदी थोडा भाग. बाकी अंडी, अळ्या आणि कोष सगळे लादीच्या फटीत, गोणपाटाखाली, चिऱ्यांच्या भिंतीच्या बुडाशी. पिसू अंगावर अंडी घालते, पण ती चिकटत नाहीत, कुत्रा जिथे झोपतो तिथे खाली गळतात. म्हणून तो झोपतो ती जागा आधी धरायची.

आधी पिसवाच आहेत ना ते बघून घे. बारीक दातांची फणी घेऊन बाळूच्या शेपटीच्या बुडाशी फिरव. जे काळं बारीक निघेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर झाड. थोड्या वेळाने त्या काळ्याभोवती तांबूस डाग फुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तशीच काळी राहिली तर माती.

मग गोणपाट जाळून टाक, नवं घे. चादरी, गोधड्या उकळत्या पाण्यात. झाडू फिरवून भागत नाही, व्हॅक्यूम असेल तर लादीच्या प्रत्येक फटीवरून, भिंतीच्या कडेने, सोप्याच्या खालून फिरव आणि धूळ लगेच घराबाहेर. व्हॅक्यूम नसेल तर ओल्या फडक्याने रोज, आणि फटीत कुंचला घाल. पावसात ऊन मिळत नाही हीच खरी अडचण, कारण पिसवांच्या अळ्यांना सुकं ऊन सोसत नाही, दमटपणा मात्र मानवतो. एखादा दिवस उघाड पडला की सगळं बाहेर काढ. परसात आंब्याखाली बाळू खड्डा करून बसत असेल तर तिथला पालापाचोळा काढून जागा मोकळी कर.

खाजवून झालेल्या जागेवर भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, लावलं तर चालतं, चाटलं तरी बिघडत नाही. उघडी जखम असेल तर डॉक्टर.

अन्वय_मडगाव
माई, भिरंडेल आमच्याकडे पायाच्या भेगांनाच लावतात. आता कुत्राही रांगेत.

सुरंगी_फोंडा
माई, कागदाची खूण लगेच करून पाहिली. डाग तांबडे फुटले. बाळू अंग मोडून आरामात फणी फिरवून घेत होता, त्याला आवडलं.

मला दोन शंका आहेत. कीटकनाशक फवारणारे लोक बोलवावेत का? एका माणसाला फोन केला तर तो म्हणाला, ताई, वास नसलेलं औषध आहे, लगेच घरात या. ते काय आहे विचारलं तर सांगेना. आणि पिल्लांचं काय?

रेणू_मास्तरीण
औषधाचं नाव न सांगणाऱ्या माणसाला घरात घेऊ नका. वास नाही म्हणजे विष नाही असं होत नाही. फवारायचंच असेल तर चवथीच्या बरंच आधी, बाळ घरात नसताना. मांजर आणि पिल्लं दुसऱ्या घरी, माशांची टाकी असेल तर झाकून आणि पंप बंद करून. लादी पूर्ण सुकेपर्यंत कोणी आत यायचं नाही. स्वयंपाकघरात आणि देवघरात फवारणी नको. पण माईंनी सांगितलेलं नीट केलंत तर फवारणीची गरज बहुधा पडणार नाही.

पशुवैद्य_बार्देश
पिल्लं तीन आठवड्यांची आहेत तर त्यांना दुकानातलं काहीच लावू नका, मांजरांसाठी म्हणून मिळणारं सुद्धा. बहुतेक थेंब आठ आठवड्यांपुढेच देतात. फणी फिरवा, कोमट पाण्यात फडकं भिजवून पुसा, लगेच कोरडं करून आईपाशी द्या. हिरड्या फिकट दिसल्या, दूध सोडलं, अंग गार लागलं तर त्याच दिवशी दवाखान्यात. एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवा पिऊन संपवतात, ही भीती खरी आहे.

शेवंतीला मांजरांसाठीचं औषध मिळतं, पण ती पाजते आहे म्हणून कोणतं ते तिला बघूनच ठरवायचं. बाळूला गोळी. बाळासाठी सांगायचं तर, बाळूला गोळी दिलीत तर त्याच्या अंगावर औषध नसेल. थेंब किंवा पट्टा असता तर मी त्याला बाळापासून लांबच ठेवायला सांगितलं असतं. फक्त बाळाचे हात धुवा, आणि ते पिसू तोंडात घालणार नाही हे बघा. पिसवांतून पट्टकृमी कुत्र्याला होतात तसे लहान मुलांनाही होऊ शकतात.

सुरंगी_फोंडा
कळवायचं राहिलं होतं. दुकानदाराने खोकं परत घेतलं. मी त्याला इथलं सगळं सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की आता प्रत्येकाला मांजराचं विचारीन. बाळूला वजन करून गोळी दिली, शेवंतीला डॉक्टरांनी मानेवर थेंब घातले. पिल्लं फणीवरच आहेत, एकाच्या हिरड्या जरा फिक्या होत्या त्याला रोज नेऊन दाखवतेय.

पण बाळू आता खाजवत नाही आणि पडवीत मात्र पिसवा अजून उडतायत. मग औषध लागू पडलं नाही का? दुसरं काही वर मारू?

पशुवैद्य_बार्देश
लागू पडलंय, वर काही मारू नका. लादीच्या फटीत जे कोष आहेत त्यांच्यावर कुठलंच औषध नीट चालत नाही. पायांची हालचाल आणि ऊब जाणवली की त्यातून पिसवा बाहेर येतात. आता त्या बाळूवर बसतील, चावतील आणि मरतील. झाडझूड चालू ठेवा, त्या लवकर बाहेर येतील तेवढं बरं. निदान तीन महिने औषध वेळच्या वेळी. पिसवा दिसायच्या बंद झाल्या की लोक सोडून देतात आणि दिवाळीला परत फोन करतात.

माई_सांखळी
आणि चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या आधी सोप्यावरच्या गाद्यांच्या खोळी काढून धू. तिथे कोणी बघत नाही, मांजर मात्र तिथेच झोपते.

तात्या_डिचोली
माझा प्रश्न अजून तसाच आहे. आतल्या गावात कुत्र्याला नेणार कसं?

वाळपईची_लेक
तात्या, आमच्या वाड्यावर आम्ही असं करतो. चार-पाच घरं मिळून एक पिकअप ठरवतो आणि सगळी कुत्री एकाच दिवशी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेतो. रेबीजची लसही तेव्हाच. आणि ज्यांना न्यायला जमत नाही त्यांच्या कुत्र्यांची वजनं आम्ही घरीच काढतो. माणसाने कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग नुसतं एकट्याने, आणि वजा करायचं. वजनाची यादी आणि कुठल्या घरात मांजर आहे, पिल्लं आहेत, फिट येते ते लिहून दिलं की डॉक्टर त्याप्रमाणे देतात.

तात्या_डिचोली
हे जमण्यासारखं आहे. आमच्या वाड्यावर एकाकडे पिकअप आहे, विचारतो त्याला. यादी मी करतो.

नवीन_सभासद_काणकोण
नमस्कार, आजच सभासद झाले. आमच्याकडे पर्शियन मांजर आहे, गोचीड झालीय. मैत्रिणीने तिच्या कुत्र्याची गोळी देऊ केली आहे, पाव भाग द्यायला सांगते. देऊ का?

मीनल_पर्वरी
नको! वर मोरजीच्या ताईंना डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाच. गोळीवर काय लिहिलंय, मांजरीचं वय आणि वजन किती, पाजते आहे का, घरात आणखी कोणी प्राणी आहे का, एवढं लिही. तोवर गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढ, पिळू नको, रॉकेल लावू नको.